परदेशात पहिली कॅम्परव्हॅन ट्रिप: आधी रात्रीचे मुक्काम ठरवा, मग रस्ता

प्रश्न थोडक्यात असा आलाय की नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि सोबत सासूबाई, हातात मोजून आठ दिवस, कॅम्परव्हॅन आयुष्यात कधी चालवलेली नाही, युरोपात चार देश करावेत की न्यूझीलंडला जावं, आणि प्लॅनिंगला नेमकी सुरुवात कुठून करायची. मी चौदा-पंधरा वर्षं व्हॅन भाड्याने घेऊन फिरतेय, बऱ्याचदा स्वतः चालवते, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या ट्रिपचं प्लॅनिंग पण बसून करून दिलंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

चार देश काढून टाका. आठ दिवसात एकच देश, आणि त्या देशातला पण एकच छोटा गोल. हे मी पैसे वाचवायला किंवा घाबरवायला सांगत नाहीये, कॅम्परव्हॅनचा दिवस कसा जातो ते माहीत आहे म्हणून सांगतेय. लोक व्हॅनकडे बेड असलेली कार म्हणून बघतात आणि कारच्याच हिशोबाने किलोमीटर मांडतात, पण ते एक छोटं घर आहे आणि ते रोज चालवावं लागतं. सकाळी उठलं की बेड मोडून परत टेबल-सीट करायची, भांडी धुऊन कपाटात नीट लॉक करायची (नाहीतर पहिल्याच वळणावर खाली), पाण्याची टाकी भरायची, सांडपाणी सोडायचं, टॉयलेटची कॅसेट (म्हणजे मैला साठतो ती बाहेर ओढून काढायची टाकी) रिकामी करायची, गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, फ्रिजचं दार लॉक, विजेची केबल काढून गुंडाळायची, पायरी आत घ्यायची. सरावलेल्या माणसांना याला अर्धा-पाऊण तास लागतो, पहिल्या ट्रिपला चौघं असताना दीड तास धरा. संध्याकाळी पोचल्यावर परत तेच उलट्या क्रमाने. त्यात मॅपवर जो वेळ दिसतो तो कारचा असतो, मी त्यात सरळ एक तृतीयांश वाढवते, म्हणजे मॅप तीन तास म्हणाला की माझे चार. म्हणून पहिल्या ट्रिपला माझा नियम असा की दिवसाला शक्यतो १५० ते २०० किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि एक तरी दिवस असा ठेवायचा की व्हॅन जागची हलणारच नाही. त्यात पहिला दिवस व्हॅन ताब्यात घेण्यात आणि शेवटचा परत करण्यात जातो, म्हणजे आठातले खरे सहा.

आता सुरुवात कुठून करायची ते. बहुतेक जण बघायच्या जागांची यादी करतात, त्या जोडून रस्ता काढतात आणि रात्री कुठे थांबायचं ते तिथे गेल्यावर बघू म्हणतात. हे उलटं करा. आधी सात रात्री लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे झोपायची जागा लिहा, रस्ता त्यातून आपोआप निघतो. कारण रात्री कुठे थांबता येतं, तिथे वीज आहे का, पाणी भरता येतं का, टॉयलेट रिकामं करता येतं का, यावरच तुमचा दुसरा दिवस कसा जाणार ते ठरतं.

आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे, की व्हॅन घेतली म्हणजे समुद्राकाठी कुठेही लावून झोपायचं. बऱ्याच देशांत असं चालत नाही. नॉर्वेमध्ये निसर्गात फिरण्याचा सगळ्यांचा हक्क आहे असं लोकांनी वाचलेलं असतं, ते खरं आहे, पण तो हक्क चालणाऱ्याला आणि तंबूला आहे (तो पण वस्तीतल्या घरापासून १५० मीटर लांब), गाडीला नाही. स्कॉटलंडचा २००३ चा जमीन कायदा पण तसाच, मोटार गाडीला तो लागू होत नाही. आइसलँडमध्ये २०१५ पासून व्हॅनमध्ये झोपायचं तर कॅम्पसाइटवरच, नाहीतर जमीनमालकाची परवानगी हवी. क्रोएशियात कॅम्पसाइटबाहेर झोपलात तर दंड. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी फुकट थांबता येतं, पण त्यासाठी व्हॅनला सेल्फ-कंटेन्डचं (म्हणजे पाणी, सांडपाणी, टॉयलेट सगळं गाडीतच आहे याचं) सर्टिफिकेट लागतं आणि २०२३ च्या कायद्यानंतर आत पक्कं बसवलेलं टॉयलेट असावंच लागतं, उचलून ठेवायचं पोर्टेबल चालत नाही. स्पेनमध्ये साधारण असं धरतात की गाडी नुसती पार्क केलेली असेल तर आत कोण झोपलंय हा प्रश्न नाही, पण खुर्च्या बाहेर काढल्या किंवा गाडीच्या बाजूला बसवलेली छत्री उघडली की ते कॅम्पिंग झालं, आणि तिथली नगरपालिका वेगळा नियम करू शकते तो वेगळाच. म्हणून पहिल्या ट्रिपला फुकटच्या जागांच्या नादी लागू नका, रात्री नऊ वाजता अंधारात सासूबाई आणि मुलगी मागे बसलेल्या असताना जागा शोधत फिरणं फार वाईट असतं, मी ते एकदा केलंय आणि त्या रात्री शेवटी एका पेट्रोल पंपाच्या ट्रक पार्किंगमध्ये झोपलो, कुणालाच झोप लागली नाही.

जागांचे प्रकार पण समजून घ्या. पूर्ण कॅम्पसाइट म्हणजे वीज, गरम पाण्याच्या अंघोळी, स्वयंपाकघर, कपडे धुवायची मशीन, मुलांना खेळायला जागा. जर्मनीत श्टेलप्लाट्झ आणि फ्रान्समध्ये एअर म्हणतात त्या व्हॅनसाठीच्या पार्किंगच्या जागा असतात, स्वस्त, बऱ्याचदा गावाच्या अगदी जवळ, पाणी आणि सांडपाण्याची सोय असते पण अंघोळीची बहुतेक नसते. आणि न्यूझीलंडमध्ये डॉक म्हणजे तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याच्या साइट असतात, जागा एकदम भारी, सोयी कमी. माझा पहिल्या ट्रिपचा हिशोब सोपा आहे, दोन रात्री विजेच्या साइटवर, एक रात्र साध्या जागी, परत वीज. आणि व्हॅनमधली पहिली रात्र कायम विजेच्या साइटवरच, व्हॅन जिथून घेतो त्या डिपोपासून तासाभराच्या आत, कारण पहिल्या रात्री हीटर कसा लावायचा, पाण्याचा पंप कुठला, बेड कसा उलगडतो हे शिकण्यातच दोन तास जातात.

व्हॅन कुठली घ्यायची याबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवा, बर्थ आणि सीटबेल्ट हे दोन वेगळे आकडे असतात. चार जण झोपू शकतात अशी व्हॅन चार जणांना बेल्ट लावून नेऊ शकते असं नाही, काही फोर-बर्थ गाड्यांना बेल्टच्या सीट दोन किंवा तीनच असतात. बुकिंगआधी लेखी विचारा, आणि मुलीच्या बूस्टर सीटसाठी (मुलांना उंच बसवणारी जादा सीट) खांद्यावरून येणारा तीन टोकांचा बेल्ट असलेली, पुढे तोंड केलेली सीट कुठली तेही विचारा, कारण मागच्या काही सीटना फक्त कमरेचा पट्टा असतो. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना सीट लागतेच, इतर देशांत वय-उंची वेगळी, पण सात वर्षांच्या मुलीला तुम्ही कुठेही गेलात तरी बूस्टर घ्याच.

दुसरं, सासूबाई. ब्रोशरमध्ये जो ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड सुंदर दिसतो तिथे शिडीने चढावं लागतं, तो मुलीला फार आवडेल पण तिला एकटीला तिथे झोपवायचं तर पडू नये म्हणून जाळी आहे का बघा. सासूबाईंना खालचा कायमचा बेड हवा, जो रोज मोडावा लागत नाही आणि ज्याच्या एका बाजूने उतरून थेट टॉयलेटला जाता येतं. रात्री कुणाला तरी ओलांडून जावं लागलं की वयस्कर माणूस संध्याकाळपासून पाणी प्यायचं कमी करतो, बोलून दाखवत नाही, मी हे माझ्याच आईच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी ओळखलं आणि तेव्हापासून व्हॅनचा नकाशा आधी कागदावर काढून कोण कुठे झोपणार आणि रात्री कुठून उठणार ते ठरवल्याशिवाय बुकिंग करत नाही. आत चढायची पायरी पण उंच असते, एक छोटं घट्ट स्टूल मागून घ्या.

चौघांसाठी मग सहा मीटरची पत्र्याची व्हॅन पुरत नाही, साडेसहा-सात मीटरची मोठी मोटरहोम लागते. ती साधारण तीन मीटर उंच असते. उंची, लांबी आणि वजन एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डला चिकटवा, मीटरमध्ये आणि फुटात दोन्ही, कारण समुद्राकाठच्या पार्किंगला दोन मीटरवर लोखंडी दांडा असतो आणि तिथे पोचल्यावर उंची आठवत बसायला वेळ नसतो. लांबीचा पण फरक पडतो, फेरी बोटीचं तिकीट लांबीवर असतं, आणि अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कच्या डोंगरातल्या प्रसिद्ध रस्त्याच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत.

वजनाकडे तर कुणी बघतच नाही. युरोपात साध्या कारच्या लायसनवर अजून बहुतेक ठिकाणी ३,५०० किलोपर्यंतच चालवता येतं आणि भाड्याच्या गाड्या त्याच आकड्याला बसवलेल्या असतात. मोठी मोटरहोम रिकामीच तीन हजाराच्या आसपास असते, मग त्यात चार माणसं, शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो, बॅगा, खुर्च्या, किराणा, की झालं. म्हणून चालवताना टाकी अर्धी ठेवा, साइटवर पोचून भरा. आणि कडक सूटकेस नेऊ नका, त्या ठेवायला जागाच नसते, मऊ बॅगा न्या ज्या रिकाम्या करून गादीखाली सरकवता येतात.

लायसनचं बघू. इंटरनॅशनल परमिट हे तुमच्या लायसनचं भाषांतर आहे, स्वतंत्र लायसन नाही, त्यामुळे मूळ लायसन सोबत हवंच, आणि ते ज्या देशाचं लायसन आहे तिथूनच निघण्यापूर्वी काढायचं असतं. त्याचे दोन प्रकार आहेत, १९४९ च्या जिनिव्हा कराराचं आणि १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं, काही देश दोन्ही घेतात, जपान फक्त १९४९ वालं घेतं. १९४९ वालं एक वर्षच चालतं. दोघांनीही काढा, कारण एकच ड्रायव्हर असला की आठ दिवसांत तो थकतो आणि ट्रिप त्याच्यासाठी नोकरी होऊन जाते. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एक) लागत असेल तर राहायच्या जागांचे पुरावे मागतात, तिथे कॅम्पसाइटची बुकिंग आणि व्हॅनचा करार दोन्ही जोडायचे, आणि मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो.

आता पैशाचा जो भाग लोकांना सगळ्यात जास्त दुखतो तो म्हणजे व्हॅनचा इन्शुरन्स. दिवसाचं भाडं बघून कंपनी निवडू नका, अपघात झाला तर पहिली किती रक्कम तुम्ही भरायची ते बघा. ती रक्कम डिपॉझिट म्हणून क्रेडिट कार्डवर अडकवतात आणि ते कार्ड बहुतेक वेळा मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आणि सगळं कव्हर असं लिहिलेलं असलं तरी बारीक अक्षरात छत, गाडीचा खालचा भाग, टायर, काच, चुकीचं इंधन, आणि कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान बाहेर ठेवलेलं असतं. माझ्या चौथ्या का पाचव्या ट्रिपला एका साइटवर मागे घेताना झाडाची फांदी छताला घासली, हातभर ओरखडा, मी फुल कव्हर घेतलेलं म्हणून निश्चिंत होते, आणि परत करताना कळलं की छत त्यात नव्हतंच, भरपूर पैसे गेले. तेव्हापासून मी कंपनीला ईमेल करून विचारते, छत, तळ, टायर, काच यातलं काय काय कव्हर आहे एकेक सांगा, आणि ते उत्तर जपून ठेवते. कुठल्या रस्त्यांवर न्यायला बंदी आहे ती यादी पण मागवा, न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅन्यनचा रस्ता बहुतेक कंपन्यांच्या यादीत असतो, आइसलँडमध्ये एफ अक्षराने सुरू होणारे सगळे डोंगरी रस्ते फोर-बाय-फोरशिवाय बंद. आणि आइसलँडच्या वाऱ्याने उघडलेलं दार उलटं वळून तुटतं, ते पण बऱ्याच पॉलिसीत नसतं, तिथे दार उघडताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून दोन्ही हातांनी दार धरायचं.

बुकिंग करताना डिपोची वेळ बघा, बरेच डिपो दुपारी चार-पाचला बंद होतात आणि काही रविवारी उघडतच नाहीत. लांबचं विमान घेऊन उतरलात की त्याच दिवशी व्हॅन घेऊ नका. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांचा तर नियमच आहे की समुद्रापलीकडून आलात तर पहिली रात्र हॉटेलमध्ये काढा आणि मग या, आणि नियम नसेल तिथेही मी तेच करते. झोप न झालेल्या माणसाने सात मीटरची अनोळखी गाडी उलट्या बाजूच्या रस्त्यावर काढणं यासारखा धोका नाही.

गाडी ताब्यात घेताना घाई करू देऊ नका. मागे लाईन असली तरी दीड तास द्या. एक जण मोबाईलवर पूर्ण व्हिडिओ घेतो, बाहेरून चारही बाजू, छत (फोन काठीला लावून), टायर, काच, आत गादीवरचे डाग, आणि दुसरा प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने चालवून बघतो: पंप, गिझर, हीटर, शेगडी, फ्रिज, बेड, छत्री, टॉयलेटची कॅसेट काढून परत बसवणं. त्यांनी दाखवलं यावर थांबू नका, तुम्ही करून दाखवा. डिझेल आहे का पेट्रोल ते टोपीवर वाचा आणि नोझलच्या रंगावर अजिबात भरवसा ठेवू नका, ब्रिटनमध्ये हिरवं म्हणजे पेट्रोल आणि अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवं म्हणजे डिझेल. युरोपात २०१८ पासून लेबल आहेत, गोल म्हणजे पेट्रोल, चौकोन म्हणजे डिझेल, ते बघायचं. नव्या डिझेल गाड्यांना निळ्या टोपीचं अजून एक तोंड असतं, ॲडब्लू नावाच्या धूर स्वच्छ करणाऱ्या लिक्विडचं, ते लिक्विड डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन सुरू न करता तिथेच फोन करायचा.

विजेचं एकदा नीट समजलं की अर्धे प्रश्न संपतात. गाडीत दोन वेगळ्या दुनिया आहेत. दिवे, पंप, यूएसबी हे बारा व्होल्टच्या घरगुती बॅटरीवर चालतं, ती चालताना किंवा केबल लावल्यावर चार्ज होते. भिंतीतले नेहमीचे प्लग मात्र केबल लावली तरच चालतात, म्हणून साध्या जागी थांबलात आणि लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणून गाडी बिघडली असं समजू नका. केबल लावल्यावरही वीज मोजकी असते. साइटवर ६ अँपिअरचा पॉइंट असेल तर २३० व्होल्टच्या हिशोबाने १,३८० वॅट मिळतात, आणि घरगुती किटलीच २,००० वॅट खाते, म्हणजे किटली लावली की वीज ट्रिप होऊन जाते. १० किंवा १६ अँपिअर असेल तर किटली चालते पण सोबत हीटर नको. म्हणून पाणी गॅसवर तापवायचं. गॅसबद्दल एवढंच की थंडीत प्रोपेन असलेली बाटली मागा, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं आणि बाटली भरलेली असली तरी शेगडी विझते, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. आणि थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून व्हॅन तापवायची नाही, कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म आहे का आणि वाजतो का ते डिपोतच दाबून बघा. खालच्या आणि छतावरच्या हवेच्या जाळ्या थंड वारा येतो म्हणून कपडा कोंबून बंद करू नका.

टॉयलेट, ज्याच्याबद्दल विचारायला सगळे लाजतात. कॅसेट साधारण १७ ते २० लिटरची असते, चौघांनी वापरली तर रोज नाहीतर फार तर दीड दिवसाने रिकामी करावी लागते. साइटवर असताना तिथलं टॉयलेट वापरायचं आणि व्हॅनमधलं रात्रीपुरतं ठेवायचं, मग सगळं सोपं होतं. रिकामी करायची ती ठरलेल्या जागीच, रस्त्याकडेच्या गटारात कधीही नाही. ओतताना हवेचं छोटं बटण दाबून धरा म्हणजे उडत नाही, मग थोडं पाणी घालून हलवा, परत ओता, नवीन लिक्विड टाका आणि ठरलेल्या मापाने पाणी. हातमोजे वेगळे ठेवा. हे काम एकाचंच पडू देऊ नका, पाळी लावा, नाहीतर चौथ्या दिवशी त्यावरून भांडण होतं. पिण्याचं पाणी भरायचा पाइप आणि टॉयलेट धुवायचा पाइप कधी एक करू नका, साइटवरच्या नळावर काय लिहिलंय ते वाचूनच भरा.

चालवण्याचं. डिपोतून निघालात की आधी एखादं मोकळं पार्किंग शोधून अर्धा तास वळा, मागे घ्या, ब्रेक मारून बघा. लांब गाडीचं मागचं टोक वळताना उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं, पंपाच्या खांबाला आणि शेजारच्या कारला तिथेच लागतं. मागे घेताना एक माणूस खाली उतरून उभा, आरशात दिसेल असा, दिसेनासा झाला की थांबायचं, याला अपवाद नाही. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा. मागे गाड्या साचल्या की जागा मिळताच बाजूला घ्या.

आता तुमच्यासाठी मी काय करेन. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, फेब्रुवारी-मार्च, म्हणजे तिथल्या शाळांच्या सुट्टीची गर्दी संपलेली असते आणि हवा अजून उबदार. पहिल्या रात्री क्राइस्टचर्चला हॉटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन, किराणा, आणि शहराच्या बाहेरच एखाद्या विजेच्या साइटवर लवकर थांबा. तिसऱ्या दिवशी लेक टेकापो, साधारण २२५ किलोमीटर, माझ्या नियमापेक्षा जरा लांबचा दिवस, तिथे हॉलिडे पार्कमध्ये (तिथली पूर्ण सोयींची कॅम्पसाइट) वीज घ्या आणि रात्री आकाश बघा, तो सगळा भाग २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश आहे. चौथ्या दिवशी लेक पुकाकीच्या काठाने आओराकी माउंट कुक, शंभरेक किलोमीटर, व्हाइट हॉर्स हिलची डॉकची साइट, वीज नाही, समोर हिमनद्या. इथे मात्र माझा विजेचा हिशोब मोडून दोन रात्री थांबा, पाचवा दिवस व्हॅन न हलवता. की पॉइंटचा ट्रॅक साइटवरूनच निघतो, जाऊन-येऊन तासाभराचा, सासूबाईंना पण हळूहळू जमेल. किराणा आणि पाणी आधी टेकापोला भरून घ्या. तिथे किया नावाचे हिरवे डोंगरी पोपट असतात, ते गाडीचं रबर चोचीने ओढून काढतात, त्यांना खायला घालू नका आणि बाहेर काही सोडू नका. सहाव्या दिवशी ट्वायझल, ओमारामा करत वायताकी नदीच्या खोऱ्यातून ओआमारूला, दोनशेच्या थोडं वर, रस्ता सपाट आणि मोकळा, संध्याकाळी तिथे समुद्रातून परत येणारे छोटे निळे पेंग्विन बघायला मिळतात, मुलीसाठी हाच ट्रिपचा कळस असेल. सातव्या दिवशी वाटलं तर चाळीस किलोमीटरवर मोएराकीचे गोल दगड बघून या, नाहीतर सरळ उत्तरेला निघा, क्राइस्टचर्च अडीचशे किलोमीटर आहे, हा सगळ्यात लांबचा टप्पा, ते एका दमात न करता अध्येमध्ये थांबत, आणि आठव्या दिवशी व्हॅन परत. पूर्ण गोल आठशेच्या आसपास होतो. एकेरी पूल बरेच लागतात, छोटा लाल बाण तुमच्या दिशेला असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. विमानतळावर खाण्याचं जे असेल ते सगळं आणि चिखलाचे बूट फॉर्मवर लिहून टाका, विसरलेलं एक फळ सापडलं तरी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. डिझेल व्हॅनवर किलोमीटरमागे रोड युझर चार्ज पण लागतो, तो बऱ्याचदा शेवटी बिलात येतो, आधी विचारून ठेवा.

युरोपच हवं असेल तर जर्मनीतली मोझेल नदी, कोब्लेंझपासून ट्रिअरपर्यंत, नदीच्या काठाने दोनशेच्या आसपास किलोमीटर, गावोगावी काठावरच श्टेलप्लाट्झ, मध्ये कोखेम आणि बर्नकास्टेल, चढ नाहीत, मुलगी सायकल चालवू शकते. मे-जून किंवा सप्टेंबर. रविवारी दुकानं बंद असतात तेवढं शनिवारी लक्षात ठेवा, आणि मोठ्या शहरांच्या आत जाऊ नका, प्रदूषणाचे स्टिकर आणि अरुंद रस्ते यात अर्धा दिवस जातो. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये शिरायचं तर हायवेचं विनियेट (टोलचं स्टिकर) आधी घ्यायचं आणि कंपनीची सीमेपलीकडे न्यायची परवानगी लेखी हवी.

शेवटच्या रात्रीची साइट डिपोपासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आतली घ्या आणि तिथे टॉयलेट आणि सांडपाण्याची सोय आहे ना हे बुक करतानाच बघा, कारण भरलेली टाकी परत केली तर वेगळे पैसे लावतात. आदल्या संध्याकाळीच बॅगा भरा, सकाळी झाडून घ्या, डिपोजवळच्या पंपावर टाकी फुल करून पावती ठेवा, परत एकदा चारही बाजूंचा व्हिडिओ घ्या, आणि बंद व्हायच्या तासभर आधी पोचा म्हणजे तपासणी तुमच्यासमोर होते आणि कागदावर सही घेऊनच तुम्ही विमानतळाकडे निघता.